गाळलेली नळी

पाकीट माझ्या हातात देताना फोटोवाल्याच्या चेहऱ्यावर, न सांगता कोणाचे तरी काम करून ठेवल्याचा एक लाजरा आनंद होता. "दादा, नळी काढली बघा. गालावरची पट्टीपण काढली. पोरगी किती गोड दिसतेय," असे तो म्हणाला आणि त्याचे वेगळे पैसे घ्यायला काही केल्या तयार होईना. पाकिटात एकाच फोटोच्या आठ प्रती होत्या. पांढऱ्या पडद्यासमोर माझी तीन वर्षांची लेक नेहमीसारखी मान डावीकडे कलंडून कॅमेऱ्याच्या थोडे पलीकडे पाहत होती आणि तिचे दोन्ही गाल मोकळे होते. उजव्या नाकपुडीतून निघून गालावरून कानामागे जाणारी नळी नव्हती, तिला धरून ठेवणारी चिकटपट्टी नव्हती, पट्टीच्या कडेने कायम उठलेली लाली नव्हती. डाव्या गालाची कातडी संगणकावर उचलून त्याने उजव्या गालावर बसवली होती आणि ती इतकी बेमालूम बसली होती की, मला सांधा शोधूनही सापडला नाही. हे फोटो दिव्यांग प्रमाणपत्राच्या अर्जाला लावायचे आहेत, हे मी त्याला सांगितले नव्हते. सांगितले असते तर त्याने नळी राहू दिली असती की नाही, कोण जाणे. मी आभार मानले, लेकीला खांद्यावर घेतले आणि दुकानाबाहेर येऊन पायरीवरच बराच वेळ ते पाकीट उघडत आणि मिटत राहिलो.

मी व्यवसायाने मुद्रितशोधक आहे. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी, दिवाळी अंक, स्मरणिका आणि अधूनमधून एखादे शालेय मार्गदर्शक छापणाऱ्या मुद्रणालयात गेली अठरा वर्षे मी दुसऱ्यांच्या मजकुरातले अनावश्यक ते गाळतो आणि राहून गेलेले भरतो. समासात गाळण्याची खूण करताना माझा हात सहसा अडखळत नाही. कधीतरी मात्र गाळलेला शब्दच योग्य होता असे दुसऱ्या वाचनात लक्षात येते आणि मग त्याच्याखाली टिंबे देऊन समासात 'राहू द्या' असे लिहावे लागते. त्या दिवशी पायरीवर बसून मला नेमका हाच प्रश्न पडला होता. माझ्या लेकीच्या चेहऱ्यातून कोणीतरी एक चूक काढली होती. ती चूक होती का?

लेक उशिरा रडली. एवढे तीन शब्द उच्चारले की, आमच्याकडच्या कोणत्याही बालरोगतज्ज्ञाला पुढचे विचारावे लागत नाही. जन्मानंतरच्या त्या काही मिनिटांत मेंदूला जे मिळायचे ते मिळाले नाही, आणि त्याची बाकी मग हळूहळू समोर येत गेली: मान धरली नाही, मुठी उघडल्या नाहीत, अंगावर पिताना दोन घोट झाले की ती थकून जायची. वाटी-चमच्याने साठ मिली दूध जायला एक तास लागायचा आणि त्यातले निम्मे मानेवरून झबल्यात उतरायचे. तरीही सातव्या महिन्यात आम्ही उष्टावण केले. चांदीची वाटी, खीर, मामाची मांडी, सगळे रीतीप्रमाणे. सोन्याच्या अंगठीने टेकवलेला पहिला कण तिने जिभेवर घोळवला, दुसरा आत गेला आणि ती खोकलीच नाही. खोकली असती तर बरे झाले असते, हे आम्हाला नंतर कळले. तिचे ओठ निळे पडले. तो निळा रंग मी अजून कोणत्याही कापडावर, भिंतीवर किंवा पाटीवर पाहू शकत नाही. त्या आठवड्यात फुप्फुसात खीर गेल्याने झालेल्या न्यूमोनियासाठी ती रुग्णालयात होती आणि तिथून घरी आली ती नाकात नळी घेऊन.

रुग्णालयात या नळीला 'राईल्स ट्यूब' म्हणतात आणि बहुतेक ठिकाणी नुसते 'आरटी'. तिचे नाव जॉन राईल या इंग्रज डॉक्टरावरून पडले आहे, असे मी पुढे कुठेतरी वाचले आणि शंभर वर्षांपूर्वीचा कोणी एक गृहस्थ रोज पहाटे आमच्या स्वयंपाकघरात असतो, या कल्पनेने मला उगाच सोबत वाटली. नळी मेडिकलमध्ये शंभर रुपयांच्या आत मिळते. ती घालायला मात्र धैर्य लागते. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या मधल्या हाडाच्या टोकापर्यंत माप घ्यायचे, पेनाने खूण करायची, टोकाला पाणी लावायचे आणि मग रडणाऱ्या लेकराच्या नाकातून ती न थांबता खूण येईपर्यंत आत सरकवायची. वॉर्डातल्या सिस्टरांनी आम्हाला पोटावर स्टेथोस्कोप ठेवून हवेची गुडगुड ऐकायला शिकवले होते. माझी पत्नी तेव्हा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होती. तिने चौकशी करून सांगितले की गुडगुड फसवते, नळी चुकून श्वासाच्या वाटेला गेली असली तरी आवाज तसाच येऊ शकतो. त्यापेक्षा सिरिंजने थोडे आतले पाणी ओढून आम्लता मोजायची कागदपट्टी बुडवावी, आकडा साडेपाचच्या वर नसावा. लॅबची नोकरी तिने त्यानंतर दोन महिन्यांत सोडली, पण कागदपट्ट्यांची एक डबी घरात आली ती कायमची. आमच्या घरात हळद-कुंकवाच्या कोयरीशेजारी ती डबी आहे. दर वेळी पट्टीचा रंग बदलेपर्यंत आम्ही दोघेही श्वास धरून असतो, आणि पोटातल्या त्या आंबट वासाने आम्हाला जितके हायसे वाटते तितके दुसऱ्या कोणत्याही सुगंधाने वाटत नाही.

नळीतून जायचे म्हणजे सगळे गाळून घ्यावे लागते. नाचणीचे सत्त्व, मुगाचे वरण, दुधात कुस्करलेले केळे, आजीच्या आग्रहाचे चमचाभर साजूक तूप, सगळे आधी बारीक, मग गाळणीतून, मग धुतलेल्या मलमलच्या फडक्यातून. एखादा कण राहिला तर नळी तुंबते, आणि तुंबलेली नळी म्हणजे पुन्हा नाक, पुन्हा रडणे, पुन्हा पट्टी. फडक्यात राहिलेला चोथा माझी आई पोळीच्या कणकेत घालते, त्यामुळे गेली काही वर्षे आम्ही सगळेच थोडेथोडे तिच्या ताटातले जेवतो. पन्नास मिलीची सिरिंज दट्ट्या काढून नळीला लावायची, तिच्यात खीर ओतायची आणि हात उंच धरायचा. हात वर नेला की खीर लवकर उतरते, खाली घेतला की सावकाश. दट्ट्याने ढकलायचे नाही. वीस मिनिटे हात असा आरती ओवाळताना थांबल्यासारखा हवेत राहतो. रात्री अडीचच्या फेरीला मी सिरिंज मच्छरदाणीच्या दोरीला बांधतो आणि बसल्या जागी प्रुफे वाचतो. दिवसा आई असते. सिरिंजवरच्या दर दहा मिलीच्या रेघेला ती एक पाखरू देते. हा चिऊचा, हा काऊचा, हा पोपटाचा, हा मोराचा, असे करत पातळी खाली येते. लेकीचे तोंड मिटलेले असते आणि तिच्या पोटात मोराचा घास पोहोचलेला असतो. पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मी उठून गच्चीवर गेलो होतो. आता माझी मीच पाखरे मोजतो, आणि मोरापर्यंत येऊन खीर उलटली तर मनात पहिली हळहळ मोराची येते.

मग अर्ज आला.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र हे सगळे आता केंद्र सरकारच्या 'स्वावलंबन' संकेतस्थळावरूनच होते. आमच्या गावच्या नेट कॅफेत एक मुलगा हे अर्ज भरून देतो. त्याने यादी उघडली. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, हे मला ठाऊक होते, कारण त्यासंबंधीची एक पुस्तिका मीच तपासली होती, आणि त्या वेळी माझे सगळे लक्ष 'थॅलेसेमिया'तल्या मात्रांवर होते. आता मी ती यादी पालक म्हणून वाचत होतो. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारे दिव्यांगत्व, होते. बौद्धिक दिव्यांगत्व होते, वाचा आणि भाषेचे होते, बहुविकलांगत्व होते. गिळता न येणे कुठेच नव्हते. आमच्या घराचा सगळा दिनक्रम, झोप, खर्च, भांडणे, पत्नीची गेलेली नोकरी, हे सगळे ज्या एका गोष्टीभोवती फिरत होते, तिला त्या यादीत रकाना नव्हता. हे लक्षात आल्यावर मला राग आला नाही, थोडे हसू आले, आणि मग त्या हसण्याची लाज वाटली. मुलाने फोटो मागितला. पाकिटातला एक मी त्याला दिला. नळीसकटचा दुसरा फोटो माझ्याजवळ नव्हताच. पुढे अंगठ्याचा ठसा हवा होता. लेकीचा अंगठा मुठीच्या आत असतो आणि तिची मूठ अशी आवळलेली असते, जणू तिने जन्मतःच काहीतरी वाचवून ठेवले आहे. कोमट पाण्यात हात धरून, मनगट हलकेच खाली वाकवून, एकेक बोट सोडवत आम्ही तो अंगठा बाहेर काढला, शाईवर टेकवला, कागदावर टेकवला. ठसा पुसट आला. दोन दिवस तिच्या तळहातात शाईचा डाग राहिला आणि मूठ उघडली की दिसायचा.

वैद्यकीय मंडळाच्या तपासणीच्या दिवशी आम्ही पहाटेच्या एसटीने जिल्ह्याच्या गावी गेलो. सकाळचे दोन घास बसमध्येच दिले. सिरिंज वरच्या दांडीला धरून मी उभा होतो आणि वाहक काही न बोलता आमच्या बाजूने तिकिटे फाडत पुढे गेला. रुग्णालयाच्या लांब पडवीत रांग होती. कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, कडेवरची मोठाली मुले, फिनेलचा वास, आणि खिडकीपाशी सतत कोणाच्या तरी कागदावर राहिलेली सही. आत तीन डॉक्टर होते. वाईट वागले असे मी म्हणणार नाही. दमलेले होते. गुडघे वाकवून पाहिले, पाय ताणून पाहिले, जुनी कागदपत्रे चाळली आणि प्रश्न सुरू झाले. मान धरते का? नाही. बसते का? नाही. हाताने वस्तू घेते? नाही. बोलते? नाही. शी-शू सांगते? नाही. पाच वेळा नाही म्हटल्यावर माणसाच्या आवाजाला एक उतार येतो. तेवढ्यात बालरोगतज्ज्ञांनी विचारले, "ओळखते का कोणाला?" आणि मी एकदम, जवळजवळ ओरडून, "हो!" म्हणालो. सांगत सुटलो. माझी सायकल दाराशी लागली की तिचे डोळे फिरतात, आजीच्या बांगड्यांचा आवाज तिला कळतो, प्रुफांचे कागद सळसळले की हसते. डॉक्टर लिहीत होते. काय लिहीत होते ते मला दिसत नव्हते. पत्नीने माझ्या शर्टाची बाही हळूच ओढली.

बाहेर आमच्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्यांचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा त्यांच्या खांद्यावर डोके टेकून झोपला होता. दारातून आमचे बोलणे त्यांनी ऐकले असावे. "दादा, पहिल्यांदाच आलात ना?" त्या म्हणाल्या. "हो म्हणायचं नसतं हो इथं. टक्के कमी होतात." त्यात उपदेश नव्हता. दुकानात नवख्या गिऱ्हाइकाला एखादी म्हातारी भाव सांगते, तसे त्यांनी सांगितले. मी घरी येईपर्यंत त्या एका 'हो'चा हिशोब करत राहिलो. तीन वर्षे आम्ही त्याच एका शब्दासाठी जगत होतो. फिजिओथेरपीच्या ताईंना, शेजाऱ्यांना, फोनवरच्या नातेवाइकांना आम्ही रोज काही ना काही 'हो' सांगायचो: हो, आज डोळ्यांनी खुळखुळ्याचा पाठलाग केला, हो, शंभर ग्रॅम वाढले, हो, जिभेवर लावलेला आमरसाचा थेंब तिने चाटला. आणि इथे मदत हवी असेल तर तेच सगळे गाळून तिला मांडायचे होते. घरी एक पाढा आणि पडवीत उलटा पाढा. दोन्ही खरेच होते, आणि दोन्ही एकाच तोंडाने म्हणायचे होते.

पंच्याऐंशी टक्के आले. प्रमाणपत्र तात्पुरते, पाच वर्षांची होईपर्यंतचे. लहान मुलांच्या बाबतीत तसेच देतात, कारण तोपर्यंत 'विकासातील विलंब' असे म्हणण्याची मुभा असते. विलंब हा शब्द मला आवडला. त्यात येण्याची शक्यता शिल्लक असते. काही आठवड्यांनी ओळखपत्र आले. चाळीसच्या आत पांढरी पट्टी, ऐंशीपर्यंत पिवळी आणि त्याच्यावर निळी. आमची निळी. आणि त्या निळ्या पट्टीशेजारी लेकीचा तो फोटो, दोन्ही गाल मोकळे असलेला.

त्या कार्डावर काय मिळते, हे लोक फार उत्सुकतेने विचारतात. एसटीत आणि रेल्वेत सवलत मिळते. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेचा १ लाखाचा आरोग्य विमा मिळतो, तो खरोखर उपयोगी पडला. नगरपालिकेच्या पाच टक्के निधीतून वर्षातून एकदा काही रक्कम येते. संजय गांधी निराधार योजनेचे तेव्हा महिना दीड हजार होते, २०२५ च्या ऑक्टोबरपासून दिव्यांगांना अडीच हजार झाले, पण त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत हवे, म्हणजे महिन्याला चार हजारांच्या थोडे वर. "किती लावायचं सांगा, दाखला होतो," असे मला एकाने चहाच्या टपरीवर सांगितले. मी नाही म्हणालो. हे मी अभिमानाने सांगत नाही. त्या महिन्यात लेकीच्या दुधाची उधारी होती, आणि पत्नीने मला एकच विचारले की, मुद्रणालयातली सवय घरी कशाला आणता. दुसऱ्या टोकाला प्राप्तिकरात ऐंशी टक्क्यांवरच्या दिव्यांग अपत्यासाठी सव्वा लाखाची वजावट आहे, पण ती जुन्या करप्रणालीत, आणि मुळात कर भरण्याइतके कमावणाऱ्याला. या दोन दारांच्या मधल्या पडवीत आमच्यासारखी बरीच घरे बसलेली आहेत. २०१६ च्या कायद्याच्या २४ व्या कलमात, जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहकाचा भत्ता असा शब्द आहे. मी तो शब्द नीट वाचला आहे, त्यात कुठेही शुद्धलेखनाची चूक नाही. पत्नीच्या हातापर्यंत तो अजून पोहोचलेला नाही.

उरलेल्या सात फोटोंचे काय करायचे, हे आमच्या घरात कोणी बोलून ठरवले नाही. आईने एक देव्हाऱ्यात ठेवला. पत्नीने पाकीट पाहिले, काही बोलली नाही, आणि मी समजलो की तिला तो आवडला नाही. चारेक महिन्यांनी तिचा शालू शोधताना मला कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, फक्त तिला दिसेल अशा उंचीवर, तो चिकटवलेला सापडला. मी दार लावून टाकले.

नळी नाकात इतकी वर्षे ठेवायची नसते. चार-सहा आठवड्यांपेक्षा अधिक लागणार असेल तर पोटातून सरळ जठरात वाट करून घ्यावी, असे डॉक्टर पहिल्या वर्षापासून सांगत होते. आम्ही टाळत राहिलो. पैसे हे एक कारण, आणि 'पोरीच्या पोटाला भोक' हे आईचे शब्द हे दुसरे. अखेर आमच्या शल्यविशारदांनी एकदा शांतपणे सांगितले की, दुर्बिणीने करायची ही पद्धत म्हाताऱ्या माणसांसाठी निघालेली नाही, १९७९ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये ती पहिल्यांदा केली तीच मुळी काही महिन्यांच्या बाळावर. का कोण जाणे, आईला ते पटले. "बाळासाठीच काढलीय म्हणता, तर करा," ती म्हणाली. चवथ्या वाढदिवसानंतर लेकीच्या पोटावर ती छोटी नळी आली आणि नाकातली कायमची गेली. पट्टी काढली तेव्हा आम्ही तिघे तिच्यावर वाकलो होतो. खोबरेल तेलाने शेवटचा चिकटा निघाला. खाली गाल होता, पण फोटोतल्यासारखा नव्हता. जिथे तीन वर्षे पट्टी होती तिथे ऊन लागलेच नव्हते, त्यामुळे एक फिकट चौकोन उरला होता, भिंतीवरून जुनी तसबीर उतरवल्यावर राहतो तसा.

गेल्या महिन्यात ती पाच वर्षांची झाली. प्रमाणपत्राचे नूतनीकरण, म्हणून पुन्हा फोटो. मी त्याच दुकानात गेलो. फोटोवाल्याने आम्हाला लगेच ओळखले. "नळी निघाली! देव पावला हो," तो म्हणाला, आणि मी त्याला काहीच सांगू शकलो नाही. त्याने खुर्चीवर उशा रचल्या, मी मागून तिची मान धरली, माझी बोटे चित्रात येणार नाहीत अशी. दोन-तीन वेळा दिवा चमकला. मग तो पडद्यावर फोटो मोठा करून पाहू लागला आणि त्याचा बाण उजव्या गालावर येऊन थांबला.

"हा डाग काढू ना?"

"राहू द्या," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिले, पण विचारले नाही. अकरा वाजत आले होते, तिची वेळ झाली होती. मी पिशवीतून सिरिंज आणि थर्मास काढला, तिच्या फ्रॉकची मधली दोन बटणे सोडली आणि पोटावरच्या नळीचे टोपण उघडले. तो पुढे आला, थबकला, मग कोपऱ्यातला दिव्याचा उंच स्टँड ओढत आणून त्याने माझ्याशेजारी उभा केला, आणि सिरिंज टांगायला त्याची खुंटी माझ्या खांद्याच्या वर येईल एवढी फिरवून घट्ट केली. खीर उतरू लागली. पहिली रेघ ओलांडली तेव्हा मी सवयीने चिऊचा म्हणालो, आणि दुसऱ्या रेघेला तो माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "काऊचा."